सूत, नाणे आणि जकात : रूमच्या पातशाहीचा व्यापारी हिशेब

भिवंडीतील कोणत्याही यंत्रमाग कारखानदाराला धंद्याची खबर विचारली, तर तो आधी सुताचा भाव सांगतो आणि मग ग्रे कापडाचा. सूत चढले आणि कापड जागच्या जागी राहिले की मधल्या मध्ये कारखानदार भरडला जातो. ही तक्रार आजची नाही. पंधराशे वर्षांपूर्वी शामच्या किनाऱ्यावरील बैरूत आणि टायर या शहरांतील रेशमी कापडाचे कारखानदार हीच तक्रार करीत होते. ते ज्या राज्याची प्रजा होते ते म्हणजे रूमची ख्रिस्ती पातशाही. युरोपीय इतिहासकार तिला बायझंटाईन साम्राज्य म्हणतात.

या पातशाहीबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. लढायांची आणि बादशहांची नावे शाळेत पाठ होतात. पण अकराशे वर्षे टिकलेल्या या राज्याचा बाजार कसा चालत होता, त्याचे नाणे जगभर का चालले आणि शेवटी ते का बसले, हे व्यापाऱ्याने आणि कारागिराने समजून घेण्यासारखे आहे.

रूम म्हणजे कोण?

बादशहा कॉन्स्टंटाईन याने सन ३३० मध्ये आशिया आणि युरोप यांच्या सीमेवर, बॉस्फरसच्या सामुद्रधुनीकाठी आपली नवी राजधानी वसवली. तीच कॉन्स्टँटिनोपल, अरबी लेखकांची कुस्तुंतुनिया आणि आजचे इस्तंबूल. रोमन साम्राज्याचा पश्चिमेकडील भाग पाचव्या शतकात कोसळला, पण पूर्वेकडचा भाग १४५३ पर्यंत तग धरून राहिला. तेथील लोक ग्रीक बोलत, ख्रिस्ती धर्म पाळत आणि स्वतःला रोमनच म्हणवीत. 'बायझंटाईन' हे नाव त्यांनी स्वतःसाठी कधी वापरले नाही. ते राज्य बुडाल्यावर सोळाव्या शतकात एका जर्मन विद्वानाने ते रूढ केले.

अरबांनी त्यांना 'रूम' म्हटले. कुरआनातील तिसाव्या सूरहचे नावच 'अर्-रूम' आहे. कुरैशांचे काफिले ज्या शाम देशात व्यापाराला जात, तो त्या वेळी रूमच्याच ताब्यात होता. पुढे तुर्कांनी आनातोलिया जिंकला तरी त्या मुलखाचे नाव रूमच राहिले. मौलाना जलालुद्दीन यांना 'रूमी' म्हणतात ते ते कोन्या येथे राहिले म्हणून. निझामशाहीच्या अहमदनगरात १५४९ मध्ये ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ आज विजापूरच्या तटावर आहे. ती ओतणाऱ्या उस्तादाच्या नावापुढेही 'रूमी' हीच निसबत आहे. म्हणजे हे नाव आपल्या दक्खनलाही परके नाही.

कल्याणचे बंदर आणि रूमचा व्यापारी

आता आपल्या दाराशी येऊ. सहाव्या शतकाच्या मध्यास, सुमारे ५५० साली, इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा एक माजी व्यापारी ग्रीक भाषेत ग्रंथ लिहीत बसला होता. पूर्वीच्या आयुष्यात तो तांबड्या समुद्रापर्यंत धंद्यासाठी फिरला होता. पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे, असे सिद्ध करण्याचा त्याचा खटाटोप होता. तो अर्थातच फसला. पण त्या ग्रंथात बंदरांची आणि मालाची जी माहिती त्याने दिली ती आजही मोलाची मानली जाते.

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख पेठांची नावे देताना तो 'कल्लियाना' हे नाव घेतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आपले कल्याण, म्हणजे खाडीच्या पलीकडचे, भिवंडीहून दहा-बारा किलोमीटरवरचे. तेथून तांबे-पितळ, बहुधा शिसव असावे असे लाकडाचे ओंडके, आणि कपड्यांसाठी कापड बाहेर जाते, असे तो सांगतो. तेथे ख्रिस्ती लोकांची वस्ती होती आणि त्यांचा बिशप इराणमधून नेमून येई, हेही त्याने नोंदवले आहे. त्याच्याही आधीच्या काळात कल्याणचे व्यापारी आणि कारागीर सधन होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे म्हणून त्यांची नावे कोरलेली आहेत.

म्हणजे या खाडीच्या दोन्ही काठांवरून कापड परदेशी जाण्याचा धंदा किमान दीड हजार वर्षांचा आहे. इंग्रज येण्यापूर्वी आणि पोर्तुगीज येण्यापूर्वीही तो होता.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रूमचे व्यापारी स्वतः आपल्या किनाऱ्यावर क्वचितच पोहोचत. मधला व्यापार इराणच्या आणि हबशा (इथिओपिया) देशाच्या लोकांकडे होता. चीनचे रेशीम असो की मलबारची मिरी, ती इराणच्या हातातूनच बव्हंशी रूमला जाई. आणि इराणशी तर रूमचे पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चालू होते. ज्याच्याशी लढायचे त्याच्याच दुकानातून कच्चा माल घ्यायचा, असा हा पेच होता.

सुताचा पेच

बादशहा जस्टिनियन (राज्यकाल ५२७ ते ५६५) याने हा पेच सोडवण्याचे तीन प्रयत्न केले. तिन्हींचा हिशेब इतिहासकार प्रोकोपियस याने लिहून ठेवला आहे.

पहिला प्रयत्न मध्यस्थ बदलण्याचा. सुमारे ५३१ मध्ये त्याने हबशाच्या राजाकडे वकील पाठवून सुचवले की, तुम्ही हिंदुस्थानी व्यापाऱ्यांकडून रेशीम विकत घ्या आणि आम्हाला विका. तुम्हाला नफा होईल, आमचा पैसा शत्रूच्या घरात जाणार नाही. राजाने होकार दिला, पण जमले काही नाही. कारण हिंदी जहाजे ज्या बंदरांत प्रथम लागत, तेथे इराणी व्यापारी आधीच हजर असत आणि माल एकगठ्ठा उचलून मोकळे होत. जुना गिऱ्हाईक, रोख खरेदी आणि जवळचे बंदर यांच्यापुढे बादशहाचा तह फिका पडला.

दुसरा प्रयत्न भाव बांधून देण्याचा. इराणने रेशमाचा भाव चढवला तेव्हा बैरूत आणि टायरच्या कारखानदारांनीही कापडाचा भाव वाढवला. बादशहाने हुकूम काढला की, एक रतल रेशमाला आठ सुवर्णनाण्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. जो घेईल त्याचा माल जप्त. कच्चा माल महाग, तयार माल बांधलेल्या भावाने, असा हा व्यवहार. कारखानदारांनी काही दिवस चोरून माल विकला, मग धंदा बंद केला. मागाहून सरकारी खजिन्याने तोच धंदा मक्तेदारीने स्वतःकडे घेतला. साधे रंगवलेले रेशीम एका औंसाला सहा सुवर्णनाण्यांना विकले जाऊ लागले. एका रतलात बारा औंस, म्हणजे रतलाचे बहात्तर. व्यापाऱ्याला आठाची मर्यादा घालणाऱ्या सरकारने स्वतः त्याच्या नऊपट भाव घेतला. प्रोकोपियसचे आणि बादशहाचे पटत नव्हते, त्यामुळे त्याच्या लिखाणात थोडा तिखटपणा आहे हे खरे. पण या काळात ते कारखानदार देशोधडीला लागले, कारागीर भीक मागू लागले आणि बरेचसे इराणला निघून गेले, असे तो सांगतो.

तिसरा प्रयत्न मात्र मुळावर घाव घालणारा ठरला. सुमारे ५५२ साली हिंदुस्थानाकडून आलेले काही ख्रिस्ती साधू बादशहाला भेटले. रेशीम हे झाडाला लागत नाही, ते किडे तयार करतात, किडे जिवंत आणणे शक्य नाही, पण त्यांची अंडी आणता येतील, असे त्यांनी सांगितले. बादशहाने बक्षीस कबूल केले. साधू पुन्हा पूर्वेकडे गेले, अंडी घेऊन आले, ती खताच्या उबेत ठेवून किडे काढले आणि तुतीच्या पाल्यावर वाढवले. पुढच्या काही शतकांत रूमच्या मुलखात स्वतःचे रेशीम तयार होऊ लागले. ग्रीसमधील थीब्ज आणि कॉरिंथ ही रेशमाची नामांकित शहरे बनली.

तह करून सूत स्वस्त झाले नाही आणि हुकूम काढूनही झाले नाही. कच्चा माल तयार करण्याची विद्या घरी आली तेव्हाच पेच सुटला.

ज्याचे नाणे खरे त्याचा व्यापार मोठा

कॉन्स्टंटाईनने जे सुवर्णनाणे सुरू केले त्याला लॅटिनमध्ये सॉलिडस आणि ग्रीकमध्ये नोमिस्मा म्हणत. एका रोमन रतल सोन्यात अशी बहात्तर नाणी पाडत. एकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. सातशे वर्षे, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, या नाण्याच्या कसात आणि वजनात फारसा फरक पडला नाही. इतका काळ कस राखलेले दुसरे नाणे इतिहासात शोधावे लागेल. दक्षिण भारतात ही नाणी जमिनीतून सापडली आहेत. काहींना भोके पाडलेली आहेत, म्हणजे येथील बायका ती दागिना म्हणून गळ्यात घालीत.

कॉस्मसने याबाबत एक किस्सा दिला आहे. सोपात्रस नावाचा रूमचा व्यापारी सिलोनच्या राजासमोर गेला, त्याच वेळी इराणचा एक माणूसही तेथे होता. राजाने विचारले, तुमच्यापैकी कोणाचा राजा मोठा? इराण्याने आपल्या राजाची बढाई सुरू केली. सोपात्रस म्हणाला, दोन्ही राजे येथेच हजर आहेत, त्यांची नाणी पाहा. राजाने इराणचे चांदीचे नाणे पाहिले, रूमचे झळझळीत सोन्याचे नाणे पाहिले आणि निकाल दिला. सोपात्रसला हत्तीवर बसवून मिरवण्यात आले. किस्सा व्यापाऱ्याने सांगितलेला आहे, तेव्हा त्यात मीठमसाला असणारच. पण परमुलखात व्यापाऱ्याची ओळख त्याच्या नाण्याने होते, हा त्याचा मथितार्थ खरा आहे.

शाम आणि इजिप्त मुसलमानांच्या ताब्यात आल्यावरही तेथील बाजारात काही दशके रूमचेच सोने चालत होते. उमय्या खलीफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये (सन ६९६-९७) चित्र नसलेला, केवळ अरबी मजकुराचा दीनार पाडला. त्याचे वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम. आकार आणि मोल रूमच्या नाण्याच्या जवळपास ठेवल्यामुळे बाजाराने तो चटकन स्वीकारला. 'दीनार' हा शब्ददेखील रोमन 'डिनारियस'वरूनच आलेला आहे.

बाजाराचा कायदा

जस्टिनियनच्या काळात (५२९ ते ५३४) संकलित झालेला रोमन कायदा आजच्या युरोपातील अनेक देशांच्या कायद्याचा पाया आहे. करार, तारण, भागीदारी यांचे नियम त्यात आहेत. पण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल ते दुसरेच पुस्तक. बादशहा सहावा लिओ याच्या नावे, सुमारे ९१२ साली सिद्ध झालेले 'एपार्कचे पुस्तक'. एपार्क म्हणजे राजधानीचा मुख्य अधिकारी, आपल्या जुन्या भाषेत कोतवाल. इस्लामी शहरांत मुहतसिब जे काम करी, त्यातील बरेचसे काम त्याच्याकडे होते. या पुस्तकात राजधानीतील एकेका धंद्याच्या जमातीचे नियम दिले आहेत.

एकट्या रेशमाच्या धंद्यात पाच जमाती होत्या : कच्चे रेशीम विकणारे, ते साफ करून धागा तयार करणारे, विणणारे-रंगवणारे, तयार कपडे विकणारे आणि शामकडून आलेला रेशमी माल विकणारे. एकाने दुसऱ्याचा धंदा करायचा नाही. कच्च्या रेशमाचे व्यापारी जमातीने मिळून, आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात वर्गणी काढून माल घेत आणि तसाच वाटून घेत. त्यामुळे मोठ्या आसामीला सगळा माल दाबून ठेवता येत नसे. साठेबाजीला शिक्षा होती.

उचलीचा प्रश्नही तेव्हा होता. कच्च्या रेशमाच्या व्यापाऱ्याने मजुराला महिन्याच्या बोलीनेच ठेवावे आणि तीस दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त आगाऊ रक्कम देऊ नये, असा नियम होता. उचल फार झाली की मजूर बांधला जातो आणि मालकाचे पैसेही अडकतात. आपल्या लूमवरचा जुना अनुभवही तोच आहे.

नफ्याचेही माप ठरलेले होते. एका नोमिस्माचे चोवीस भाग मानत. पाववाल्याला एका नोमिस्माच्या धान्यामागे एक भाग नफा आणि चार भाग मजुरी व इतर खर्चासाठी मिळत. म्हणजे निव्वळ नफा शेकडा चार, सव्वाचार. धान्याचा भाव बदलला की त्याने एपार्ककडे जाऊन पावाचे वजन नव्याने ठरवून घ्यायचे. किराणावाल्याला मात्र चोवीसात चार भाग, म्हणजे शेकडा सोळा-सतरा नफा चाले. खोटे वजन-माप ठेवणाऱ्याला फटके, मुंडन आणि जमातीतून हकालपट्टी. अत्तरवाल्यांची दुकाने राजवाड्याच्या दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओळीने असावीत, म्हणजे सुगंध तेथवर दरवळेल, असाही एक मजेदार नियम आहे.

शामचे, म्हणजे त्या वेळच्या मुस्लिम मुलखाचे व्यापारी राजधानीत आले तर त्यांना सरायांत तीन महिने राहता येई. त्यांचा माल जमात एकत्र खरेदी करी. सरहद्दीवर लढाया चालू असताना बगदाद आणि शामचे कापड कुस्तुंतुनियाच्या बाजारात उघडपणे विकले जात होते.

या कायद्याचे दोष नव्हते असे नाही. नियम जितके जास्त तितके अधिकाऱ्याचे हात लांब. नवा माणूस धंद्यात येणे अवघड, आणि परदेशात जाऊन माल खपवण्याची सवय रूमच्या व्यापाऱ्याला लागली नाही. तो राजधानीत बसून गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिला. ही सवय पुढे महाग पडली.

जकातीची सूट आणि बाजाराचा ऱ्हास

अकराव्या शतकात खर्च वाढला तसा बादशहांनी नाण्यात हिणकस धातू मिसळायला सुरुवात केली. सुरुवात चौथ्या मायकेलच्या काळात (१०३४ ते १०४१) झाली. १०८० च्या दशकापर्यंत नोमिस्मात सोने नावालाच उरले. १०९२ मध्ये अलेक्सियस बादशहाने नवे नाणे काढून घडी बसवली खरी, पण सातशे वर्षांची साख एकदा गेली ती गेली.

त्याच अलेक्सियसने १०८२ मध्ये दुसरा सौदा केला. नॉर्मन लोकांशी लढण्यासाठी त्याला आरमार हवे होते. ते इटलीतील व्हेनिस शहराने पुरवले. मोबदल्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना राज्यातील बहुतेक बंदरांत जकात माफ झाली. साधारण जकात शेकडा दहा होती आणि ती रूमच्या स्वतःच्या व्यापाऱ्याला भरावीच लागे. एकाच पेठेत, एकाच मालावर परका बिनजकात आणि घरचा दहा टक्के देणारा. पुढे पिसा आणि जिनोआ या शहरांनीही सवलती मिळवल्या. ११७१ मध्ये बादशहाने वैतागून राज्यातील सगळ्या व्हेनिशियनांना एका दिवसात अटक केली, त्यांचा माल जप्त केला. त्याने फक्त वैर वाढले.

१२०४ मध्ये जेरुसलेमच्या नावाने निघालेली चौथ्या क्रुसेडची फौज व्हेनिसच्या जहाजांतून कुस्तुंतुनियाला येऊन थडकली आणि तिने ते ख्रिस्ती शहर लुटले. लुटणारेही ख्रिस्तीच होते. १२६१ मध्ये राजधानी परत मिळाली, पण बाजार परत मिळाला नाही. समोरच्या काठावर गलाता येथे जिनोआच्या लोकांची वसाहत उभी राहिली. चौदाव्या शतकाच्या मध्यास गलातेची जकात दोन लाख सुवर्णनाणी आणि राजधानीची जेमतेम तीस हजार, असा हिशेब त्या काळचा इतिहासकार ग्रेगोरास देतो. बादशहाच्या डोळ्यांसमोर जहाजे समोरच्या धक्क्याला लागत होती. १४५३ मध्ये सुलतान मुहम्मद फातेह शहरात शिरले तेव्हा त्यांना मिळाली ती बरीचशी ओसाड राजधानी होती.

मागे काय उरले?

सुलतानाने शहर पुन्हा वसवताना ज्या गोष्टी आधी हाती घेतल्या त्यांत एक बाजारपेठ होती. काही वर्षांतच दगडी छताची पेठ उभी राहिली. तिला 'बेदेस्तान' म्हणतात. मूळ शब्द 'बज्जाजिस्तान', कापडवाल्यांची जागा. आपल्याकडचा 'बजाज' हा शब्द त्याच 'बज्जाज'वरून आला. याच बेदेस्तानाभोवती वाढत गेलेला बंदिस्त बाजार आज इस्तंबूलचा ग्रँड बझार म्हणून जगप्रसिद्ध आहे. ५३७ मध्ये बांधून झालेल्या आया सोफियाच्या घुमटाने तुर्की मशिदींच्या बांधणीला वळण लावले. बगदादमध्ये अरबीत उतरलेल्या वैद्यक आणि गणिताच्या ग्रंथांपैकी अनेक मूळचे ग्रीक होते.

कारागिरांचा वारसा मात्र वेगळ्या वाटेने गेला. ११४७ मध्ये सिसिलीचा राजा रॉजर याच्या आरमाराने थीब्ज आणि कॉरिंथवर छापा घातला. सोने-चांदी तर नेलीच, पण रेशीम विणणारे स्त्री-पुरुष कारागीर धरून पालेर्मोला नेले आणि राजाच्या कारखान्यात बसवले. लुटणाऱ्यालाही कळत होते की, कापड एकदा वापरून संपते, विणणारा हात पिढ्यान्‌पिढ्या कमावून देतो.

भिवंडीला हे वेगळे सांगायला नको. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून उखडून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले, त्यांच्या हातमागांतून पुढे यंत्रमागांचे शहर उभे राहिले. आज आपल्यापैकी पुष्कळांचे माग मुंबईच्या व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने चालतात. सूत त्याचे, कापड त्याचे, भावही त्याचाच. थीब्जच्या कारागिराच्या हातात विद्या होती, बैरूतच्या कारखानदाराकडे भांडवल होते, पण सूत दोघांच्याही हातात नव्हते. कच्च्या रेशमाच्या व्यापाऱ्यांनी कुस्तुंतुनियात जी वर्गणीची पद्धत चालवली, तशी दहा-वीस छोट्या कारखानदारांनी मिळून सुताची गाठ एकत्र घेण्याची सोय आपल्याकडे सहकारी संस्थांच्या कायद्याने आहेच. ती कोणत्या मोहल्ल्यात कितपत चालते आणि कोठे फक्त कागदावर राहते, याचा हिशेब ज्याचा त्याने आपापल्या गल्लीत करून पाहावा.